तुझं निळं कासव मी काढून टाकलं होतं

पंधरा दिवसांपूर्वी तुझ्या शोकसभेत मी लोकांना हसवलं.

तुला ते आवडलं असतं की नाही, माझं अजून ठरत नाही. हॉल भरलेला होता. टेबलावर हार घातलेला तुझा फोटो होता, तोही आपल्या संपतने कधीतरी तुझ्या नकळत काढलेला, कारण समजून-उमजून काढलेला तुझा एकही फोटो कुणाकडे सापडेना. आणि माइक माझ्या हातात होता. माइक हातात आला की माझं काय होतं ते तुला माहीत आहे. लग्नं, साठीशांती, दिंडोरीकडच्या वायनरीतले द्राक्षमहोत्सव, सगळीकडे मी तोच असतो. शोकसभेत वेगळा कुठून होणार? मी टिकलीची गोष्ट सांगितली.

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर तू वहिनींची मरून टिकली चिकटवायचास. सातपूरच्या तुझ्या कारखान्यातली ऑनलाइन मीटिंग होती, साहेबांनी विचारलं की तुमचा चेहरा का दिसत नाही, आणि तू गंभीरपणे म्हणालास, "साहेब, कॅमेरा सौभाग्यवती आहे." हॉल खळाळून हसला. पुढच्या रांगेतले तुझे साहेबसुद्धा हसले. वास्तविक तू असं काही म्हणाला नव्हतास. तू फक्त "कॅमेरा बंद आहे" म्हणालास. वाक्य माझं. पण इतकी वर्षं सांगून सांगून ते तुझं झालं होतं, आणि तू कधी तक्रार केली नाहीस.

सभा संपल्यावर चपला शोधताना वहिनी माझ्याशेजारी आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, टिकलीची गोष्ट छान सांगितलीत. टीव्हीची नाही सांगितली."

मला चप्पल सापडत होती, तरी मी शोधत राहिलो.

म्हणून हे लिहितोय. वहिनींनीच लिहा म्हटलं. अट एकच घातली, आजाराचं नाव यायला नको. त्यात मी माझी एक घातली, तुझंही नाव यायला नको. आपल्या माणसांना कळेल, बाकीच्यांना तू नुसता 'तू' राहशील. तुझ्याच पद्धतीने तुला निरोप द्यायचा म्हणजे असाच द्यायला हवा.

तुझं ते ब्राउझरचं वेड मला पहिल्यांदा कळलं ते मिसळीच्या टेबलावर. रविवार होता. संपत दिंडोरीहून द्राक्षबाग फवारून, आंघोळ करून, तरी औषधाचा वास घेऊन आला होता. तू सांगत होतास की जगभरातली माणसं मिळून इंटरनेट बघायचा एक प्रोग्रॅम बनवतात, पैसे घेत नाहीत, आणि तो तुम्ही काय बघितलं याची कुणाला खबर देत नाही. चिन्ह म्हणून एक निळं कासव. त्याचं मराठी तू करत होतास, कारखान्यातून घरी आल्यावर, एकेक बटण, एकेक सूचना. आम्ही विचारलं, पगार किती? तू म्हणालास, नाही. मग आम्ही तुला फरसाण वाढलं, गरिबाला वाढतात तसं.

तू आणखी एक सांगितलंस. त्याचा सगळा कोड उघडा असतो, कुणीही वाचावा. मी लगेच पकडलं, की ज्याला कुणाचं काही दिसू द्यायचं नाही, त्याचं स्वतःचं सगळं उघडं? तुझा चेहरा उजळला, जणू मी चुकून बरोबर उत्तर दिलं होतं. तू समोरच्या भट्टीकडे बोट केलंस. हा मिसळवाला रस्सा तुमच्यासमोर करतो ना? काय टाकतो ते दिसतं. पण कोण आलं, कोणाबरोबर आलं, किती तर्री मागितली, हे तो लिहून ठेवत नाही आणि शेजारच्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यावाल्याला विकत नाही. संपतला ते एकदम पटलं. त्याच्या घरात सगळे एकच फोन वापरतात. त्याने तिथल्या तिथे तुझ्याकडून कासव टाकून घेतलं आणि पुढच्या रविवारी सर्टिफिकेट दिलं, "लय भारी हाय. गेलं म्हंजे गेलं."

माझं मात्र वेगळं होतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टी सांगून पोट भरलेला माणूस. तू मला भोंगा म्हणायचास; कारखान्याचा भोंगा जसा एकाची वेळ सगळ्या सातपूरला सांगतो, तसा. माझा तुझ्याशी वाद ठरलेला, की माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे? माझी शुगर, माझं घोरणं, माझ्या सासूचं माझ्याविषयीचं मत, सगळं मी स्टेजवर सांगून झालंय. कंपन्यांना हवं तर तिकीट काढून या म्हणावं. तू एकदाच नीट उत्तर दिलंस, "तुझं नसेल रे भोंग्या. पण तुझ्या फोनमध्ये तू एकटा राहतोस का?"

मी हे उत्तर त्याच आठवड्यात एका साखरपुड्यात विनोद म्हणून वापरलं. चाललं.

शेवटी तू माझा फोन हातात घेऊन स्वतःच त्यात कासव टाकलंस. वापरलं मी थोडे दिवस. पण ते काही लक्षातच ठेवायचं नाही. रोज नव्याने पासवर्ड, रोज नव्याने ओळख, जणू माझ्या पंचाहत्तरीच्या मामाला भेटतोय. मग लग्नसराई आली, फोन व्हिडिओंनी भरला, जागा नाही अशी सूचना येऊ लागली, आणि मी कासव काढून टाकलं. तुला सांगितलं नाही. तू अधूनमधून विचारायचास, कासव कसं आहे? मी म्हणायचो, हळूहळू चाललंय. तू हसायचास. मला त्या कोटीचा अभिमान होता, बघ.

आणि मग तू मला गाडी घेऊन बोलावलंस. कुठे जायचं ते सांगितलं नाहीस. मुंबई नाक्याच्या अलीकडे एका हॉस्पिटलच्या गेटसमोर गाडी लावायला लावलीस आणि काचेतून समोर बघत सगळं सांगितलंस. तुला दर आठवड्याला न्यायला-आणायला कुणीतरी हवं होतं. वहिनींना कळू द्यायचं नव्हतं, एवढ्यात तरी. त्या तेव्हा एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होत्या. लग्नात सुटलेलं कॉलेज, मग मुलांचं, मग सासऱ्यांचं आजारपण, आणि आता पन्नाशी उलटल्यावर मुक्त विद्यापीठातून राज्यशास्त्र. पेपर सुरू होत होते. शेवटचा पेपर झाला की तिला गंगापूर धरणावर न्यायचं आणि स्वतः सांगायचं, असं तू ठरवलं होतंस. तोपर्यंत फक्त मला माहीत.

मी विचारलं, मीच का? तू म्हणालास, "तू कुणाला सांगितलंस तरी कुणी खरं मानणार नाही."

आपण दोघं हसलो. मग तू म्हणालास, घाबरून काही शोधत बसू नकोस, आणि शोधायचंच असेल तर कासवात शोध. मी मान हलवली. हलवली, एवढंच. त्या वेळी खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि लागली असती तर फक्त तुझी एक शिवी लागली असती.

मित्रा, मी कुणाला सांगितलं नाही. हे मी आज शपथेवर लिहितो. बायकोला, मंदाला नाही, संपतला नाही, आरशातल्या माणसाला नाही. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की रस्त्याने चालताना मी थोडा ताठ चालत होतो. पण तू आत असायचास आणि मी पार्किंगमध्ये गाडीत बसायचो, आणि हातात फोन असायचा. मी त्या आजाराचं नाव लिहिलं. लक्षणं वाचली. उपाय वाचले. आवाज बंद करून डॉक्टरांचे व्हिडिओ बघितले, काय खावं, काय खाऊ नये, किती दिवस. काळजी होतीच. पण काळजीत थोडी चवही होती, हे वहिनी वाचणार आहेत तरी लिहितो. जे कुणालाच माहीत नाही ते मला माहीत होतं, आणि भोंग्याला त्यापेक्षा गोड काय असतं?

वहिनींचे दोन पेपर राहिले होते. रविवारी मॅच होती आणि माझ्याकडे नवा टीव्ही आला होता, भिंतभर. मीच सगळ्यांना बोलावलं. वहिनी येत नव्हत्या, अभ्यास होता. मीच फोन करून आग्रह केला, की डोकं जरा मोकळं होईल. मंदाने भेळ केली होती. संपत द्राक्षं घेऊन आला होता. तू कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होतास, थोडा वाळलेला, पण ते फक्त मला दिसत होतं.

शेवटच्या षटकांत नेट अडकलं. मॅच गेली आणि टीव्ही आपल्या पहिल्या पानावर आला, जिथे तो स्वतःहून सुचवतो की तुम्ही आता हे बघा. टीव्ही लावून देणाऱ्या माणसाने तो माझ्या फोनच्याच खात्याला जोडला होता आणि मी त्याला शाबासकी देऊन चहाही पाजला होता. भिंतभर, एकाखाली एक, सुचवण्या आल्या. त्या आजाराचं नाव मोठ्या पिवळ्या अक्षरांत. त्या आजारात काय खावं. त्या आजाराची शेवटची अवस्था, कुटुंबीयांनी काय करावं. आणि वर एका हॉस्पिटलची जाहिरात, हसऱ्या डॉक्टरसह, तुमच्यासाठी खास.

मंदाच्या हातातली वाटी कलंडली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, हे काय आहे? तुम्हाला काय झालंय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. संपतने तर माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि आता ऐक, कारण इथेच माझी सगळी कमाई बुडाली. स्टेजवर लाइट गेले, नवरदेव रुसला, पाहुण्यांऐवजी भलत्यालाच हार घातला गेला, मी कधी अडलो नाही. त्या क्षणी एकच वाक्य पुरे होतं. चुलतभाऊ आजारी आहे, म्हणायचं. मलाच शंका आहे, म्हणायचं. मंदा दोन दिवस रडली असती, मी तिची समजूत काढली असती, वहिनींचे पेपर झाले असते. मी तोंड उघडलं आणि तुझ्याकडे बघितलं.

वहिनींनी माझ्याकडे बघितलंच नाही. मी जिकडे बघत होतो, तिकडे बघितलं.

तू उठलास. रिमोट घेऊन टीव्ही बंद केलास, अगदी शांतपणे, जसा तू रोजच माझ्या घरचा टीव्ही बंद करतोस. मंदाला म्हणालास, "मंदावहिनी, रडू नका. तो ठणठणीत आहे. ते माझं आहे." मग वहिनींना म्हणालास, "चल, घरी जाऊ."

गडबडीत तू माझी चप्पल घालून गेलास. तुझी अजून माझ्या रॅकवर आहे. मंदा ती हलवत नाही, मीही नाही.

उरलेले दोन पेपर वहिनींनी दिले नाहीत.

संपतला वाटलं, मी फुटलो; टीव्हीपर्यंत पोचलं म्हणजे मी बाहेर बोललोच असणार. कसा, कुठे, त्याने विचारलं नाही. माझी कीर्तीच तशी. जिन्यात मला गाठून म्हणाला, "तुला तोंड हाय का फाटक?" आणि मी ते ऐकून घेतलं. नुसतं ऐकून घेतलं नाही, मला ते सोयीचं वाटलं. तोंडाळ म्हणवून घ्यायची मला सवय आहे, त्यावर माझं घर चालतं. पण तू माझ्या हाताला धरून शिकवलेली एक साधी गोष्ट मी व्हिडिओंना जागा करण्यासाठी फेकून दिली, वर तुला रोज 'हळूहळू चाललंय' म्हणत राहिलो, हे सांगायची माझी हिंमत नव्हती. तुझ्या शोकसभेपर्यंत नव्हती.

वहिनींनी मात्र विचारलं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, पाण्याच्या मशीनपाशी. मला कधीपासून माहीत होतं? मी सांगितलं. त्यांनी मनाशी हिशेब केला आणि एवढंच म्हणाल्या की म्हणजे मी खोलीत बसून पाठांतर करत होते तेव्हा. बाटली अर्धीच भरून त्या आत गेल्या. मला नळ बंद करायचंही सुचलं नाही.

तू माझ्यावर एकदाही रागावला नाहीस. मीच एका दुपारी ठरवून आलो होतो, माफी मागायला. घरी म्हणून बघितली होती, आवाज कुठे उतरवायचा तेही ठरलं होतं, मी किती निर्लज्ज आहे बघ. तू उशीला टेकून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होतास. कॅमेऱ्यावर टिकली. मी खुर्ची ओढली आणि तू स्क्रीनवरून नजर न काढता विचारलंस, "कासव काढलंस ना?"

"हो."

"कधी?"

"लग्नसराईत."

तू इतका हसलास की नर्स डोकावून गेली. खोकला थांबल्यावर म्हणालास, मला वाटलंच. मी माझं भाषण सुरू केलं, पहिला शब्द झाला असेल, तू हात वर केलास. "ते राहू दे. या वाक्याचं बघ आधी."

ब्राउझर बंद करताना तुम्ही काय काय पाहिलं ते सगळं तो खोडून टाकतो, आणि मग एक सूचना येते. त्या सूचनेचं मराठी अडलं होतं. आधीच्या कुणीतरी करून ठेवलं होतं, 'आपला पाहणीवृत्तांत यशस्वीरीत्या नष्ट करण्यात आला आहे.' मी म्हणालो, हे तर तहसील कचेरीतून आल्यासारखं वाटतं. तुला एकच शब्द हवा होता, 'पुसलं.' मी म्हणालो, पुसलं काय, फरशी पुसलीस का? काहीतरी भारदस्त दे, 'पडदा पडला' दे. तू म्हणालास, हे तुझं नाटक नाही, माणसाला फक्त कळायला हवं की झालं, आता निवांत झोप. आपण संध्याकाळपर्यंत भांडलो. खूप दिवसांनी असे भांडलो. वहिनी डबा घेऊन आल्या तेव्हा दारातच थांबून ऐकत होत्या. माझी माफी खिशातच राहिली, आणि तू ती मुद्दाम तिथेच राहू दिलीस, असं मला आता वाटतं. तुझ्या त्या उपकाराने मला जितकी लाज वाटते, तितकी तुझ्या शिव्यांनी वाटली नसती.

निर्णय तू मला सांगितला नाहीस. तू गेल्यानंतर मी कासव परत टाकलं, तुझ्याविना, चुकत-माकत. पहिल्याच रात्री बंद केलं तर स्क्रीनवर आलं, 'पुसलं.' मला अजूनही तो शब्द तुटक वाटतो. अजूनही मी भांडायला तयार आहे. समोर कुणी नाही.

टीव्हीची गोष्ट सांगितली नाहीत, असं वहिनी म्हणाल्या, त्याच वेळी त्यांनी आणखी एक सांगितलं. राहिलेल्या दोन पेपरांचा फॉर्म त्यांनी भरला आहे. तूच भरायला लावलास म्हणे, शेवटच्या महिन्यात, हट्टाने. आणि सेंटरला सोडायला कुणीतरी हवं होतं.

मी सोडलं. दोन्ही पेपरांना. गेटबाहेर गाडीत बसून राहिलो, थंडी होती, फोन खिशातून काढला नाही. शेवटचा पेपर काल झाला. त्या बाहेर आल्या, बोटाला शाई लागलेली, आणि मागच्या सीटवर बसत म्हणाल्या, "भाऊजी, धरणावर चला."

गंगापूर रोडने निघालो. सारा रस्ता मी एक शब्द बोललो नाही, हे कुणी खरं मानणार नाही. पाण्याच्या कडेला गाडी लावली. भाजलेल्या शेंगा घेतल्या. पाणी भरपूर होतं, वारा बोचत होता. आम्ही दोघं दगडावर बसलो, मध्ये तुझ्याएवढी जागा सोडून.

शेंगांची पुडी उघडत वहिनी म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्या घरून निघाल्यावर यांनी मला कसं सांगितलं, ते तुम्हाला कधी बोलले का?"

"नाही."

"सांगू?"

त्या खरंच सांगणार होत्या. चिडून नाही. त्यांना ते कुणाला तरी सांगायचं असेल, किंवा मला ते देऊन टाकून माझी सुटका करायची असेल. तू रिक्षात सांगितलंस की घरी जाऊन? आधी तू बोललास की त्या? तू रडलास का? मी ती गोष्ट अशी सांगितली असती की दगडालाही ऐकू आली असती. मला तिचं पहिलं वाक्यसुद्धा सुचू लागलं होतं.

मी म्हणालो, "नको, वहिनी. ते तुमच्या दोघांचं आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, ताप आलाय का बघतात तसं. मग शेंगांची पुडी माझ्या बाजूला सरकवली.

मित्रा, जी गोष्ट मला जगात सगळ्यांत जास्त ऐकायची होती, ती माझ्यापासून हातभर अंतरावर गप्प बसली होती, आणि मी अंधारेपर्यंत शेंगा सोलत राहिलो.